घड्याळावरचे नाव



स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिही’ असा निरोप आला, तेव्हा खरे तर शिवकाल किंवा पेशवाई आठवायला हवी होती. आठवले ते शाळेच्या कार्यालयाबाहेरचे लंबकाचे घड्याळ आणि दर सोमवारी प्रार्थनेआधी स्टुलावर चढून त्याला चावी देणारे आपले शिपाईमामा. चावीची ती करकर ऐकू आली की आपण मुकाट्याने रांगेत उभे राहत असू.

त्या घड्याळाची पुन्हा आठवण झाली ती दोन वर्षांपूर्वी, मुलीकडे लंडनला गेलो असताना. ब्रिटिश म्युझियममध्ये टॉमस टॉम्पियन या कारागिराने सुमारे १६९० साली राजा तिसरा विल्यम याच्यासाठी केलेले एक घड्याळ आहे. एकदा चावी दिली की ते वर्षभर चालते आणि दर तासाला टोलेही देते. तिथेच उभ्याउभ्या हिशेब केला. दिवसाचे १५६ टोले, म्हणजे वर्षाचे ५६,९४०! गणिताच्या सरांनी पाठ थोपटली असती.

हे घड्याळ राजाचे, म्हणून अपवादाचे. पण याच जातीची साधी घड्याळे, ज्यांना ‘ब्रॅकेट क्लॉक’ म्हणतात, आठवडाभर चालत. नावात ब्रॅकेट असले तरी ती बहुधा टेबलावरच ठेवली जात. वजनांवर चालणारे घड्याळ एका जागी उभे करावे लागे. हे मात्र स्प्रिंगवर चाले आणि त्याच्या डोक्यावर उचलायची मूठ असे. दिवसा दिवाणखान्यात, रात्री निजायच्या खोलीत. काहींना बाजूला दोरी असे. काळोखात ती ओढली की घड्याळ शेवटचा वाजलेला तास पुन्हा वाजवून दाखवी. काडेपेटी नसलेल्या काळात ही केवढी सोय!

स्प्रिंगची एक खोड असते. चावी दिल्यावर ती जोरात ओढते आणि सैल पडत गेली की मंदावते. यावर उपाय म्हणून ‘फ्यूझी’ नावाचा शंकूच्या आकाराचा खाचांचा भोवरा बसवीत. स्प्रिंग जोरात असताना तिची दोरी भोवऱ्याच्या निमुळत्या टोकावरून ओढली जाते, जोर कमी झाला की रुंद भागावरून. त्यामुळे चक्रांना मिळणारी ओढ जवळजवळ सारखी राहते. दोरी आतड्याच्या तातीची असे. पुढे बारीक पोलादी साखळ्या आल्या.

टॉम्पियन मूळचा बेडफर्डशरमधल्या खेड्यातला, १६३९ चा जन्म, लोहाराचा मुलगा. लंडनला येऊन त्याने असे नाव कमावले की १६७६ साली ग्रिनिचच्या नव्या वेधशाळेची घड्याळे त्याच्याकडून करून घेतली गेली. आपल्या घड्याळांवर तो ओळीने क्रमांक घाली. त्याच्याकडे आलेला जॉर्ज ग्रॅहम हा तरुण पुढे त्याचा भागीदार झाला, त्याच्या पुतणीशी लग्न करून घरचाच झाला. १७१३ साली टॉम्पियन गेल्यावर ग्रॅहमने पेढी चालवली आणि तापमानाने लंबकाची लांबी बदलते म्हणून पाऱ्याचा लंबक काढला. मला मात्र त्याची वेगळीच गोष्ट भावते. १७३० च्या सुमारास जॉन हॅरिसन नावाचा खेड्यातला सुतार समुद्रावर चालणाऱ्या घड्याळाची कल्पना घेऊन त्याच्याकडे आला. ग्रॅहमने त्याचे म्हणणे दिवसभर ऐकून घेतले आणि बिनव्याजी पैसे दिले. पुढे हॅरिसनच्याच घड्याळांनी जहाजांना रेखांश काढता येतात हे सिद्ध झाले.

१७५१ साली ग्रॅहम वारला, तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत टॉम्पियनच्याच कबरीत पुरले. १८३८ मध्ये त्या दोघांच्या नावांची मोठी शिळा काढून लहानसा दगड बसवला गेला. पुढे डीन स्टॅन्ली यांनी १८६६ मध्ये मूळ शिळा पुन्हा जागेवर आणली. नावे कोरलेली असूनही ती जपायला कोणीतरी लागते.

आणि जी कोरलीच गेली नाहीत त्यांचे काय? तबकडीवर नाव एकाचे असते; पण ओकच्या पेटीवर काळ्या आबनुसाचा पातळ पापुद्रा चढवणारा सुतार, मागच्या पितळी पत्र्यावर वेलबुट्टी कोरणारा, स्प्रिंग करणारा असे कितीतरी हात वेगळे असत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्राइस्टचर्च गावात १७९० पासून फ्यूझीच्या साखळ्यांचा धंदा वाढला. केसाएवढ्या कड्या जोडायचे ते डोळेफोडीचे काम बायका आणि गरिबांच्या आश्रमगृहातल्या लहान मुली करीत. घड्याळ उघडले की साखळी दिसते, त्या मुलीचे नाव कुठेच नसते.

म्युझियममधून बाहेर पडताना हाच विचार छळत होता. आपल्या शाळेच्या घड्याळाच्या तबकडीवर कंपनीचे नाव होते; ते मला अजून आठवते. पण ज्यांनी त्याला वर्षानुवर्षे चावी दिली, ज्यांच्या घंटेवर आपले तास भरले आणि सुटले, त्या मामांचे पूर्ण नाव मला आठवत नाही. आपण त्यांना ‘मामा’च म्हणत राहिलो. प्रेमाने म्हणत होतो, हे खरे. पण विचारले कधीच नाही.

या स्मरणिकेत आजी-माजी शिक्षकांची यादी आहे, ती असायलाच हवी. तिच्याखाली एक ओळ मोकळी ठेवा, अशी मी संपादक मंडळाला विनंती केली आहे. ज्याला मामांचे नाव ठाऊक असेल, त्याने मेळाव्याच्या दिवशी स्वतःच्या हाताने आपल्या प्रतीत ते लिहावे आणि शेजाऱ्यालाही सांगावे.