दोन राजभगिनी

इंग्लंडच्या मेरी ट्यूडर व एलिझाबेथ या सावत्र बहिणींवरील एक नाटक परवा एका छोट्या नाट्यगृहात पाहण्याचा योग आम्हांस आला. पात्रे दोनच, सामान म्हणजे एक मेज व दोन खुर्च्या. अभिनय उत्तम होता. परंतु नाटककाराने वैराचे सारे मूळ धर्मभेदात शोधिले, ते आम्हांस पटले नाही.

हे वैर बापाने पेरिले. १५३३ साली एलिझाबेथ जन्मली, तेव्हा आठव्या हेन्रीने सतरा वर्षांच्या मेरीची राजकन्या ही पदवी काढून तिला त्या तान्हीच्याच परिवारात राहावयास धाडिले. १५३६ त ॲन बोलिनचा शिरच्छेद होऊन एलिझाबेथही अनौरस ठरली. त्या वेळी याच मेरीने बापास लिहिलेल्या पत्रात धाकटीचे कौतुक केले. हे नाटकात नाही!

दुसऱ्या एका पत्राचा प्रवेश मात्र विसरणे कठीण. मेरी राणी झाल्यावर, १५५४ च्या मार्चात, वायटच्या बंडात सामील असल्याच्या संशयावरून एलिझाबेथला टॉवरात नेण्याचे ठरले. तिने बहिणीकडे भेटीची याचना लिहिली, आणि उरलेल्या कोऱ्या जागेत कोणी काही घुसडू नये म्हणून तीवर रेघा ओढिल्या. नटी त्या रेघा सावकाश ओढीत होती; प्रेक्षकांत कोणी खोकलेही नाही. बहिणीला लिहावयाचे, आणि मधल्या हातांचे भय बाळगावयाचे!

भेट मिळाली नाही. १५५८ त मेरी वारली, १६०३ त एलिझाबेथ. १६०६ साली जेम्स राजाने वेस्टमिन्स्टर ॲबेत धाकटीची शवपेटी थोरलीच्या शवपेटीवर ठेवविली. वरची संगमरवरी मूर्ती एकट्या एलिझाबेथची आहे. खालच्या लॅटिन लेखात मात्र दोघींची नावे असून त्यांस बहिणी म्हटले आहे.