शुक्राच्या पृष्ठभागाचे उष्णतामान : एका वादाचा इतिहास

शुक्राची चांदणी नुसत्या डोळ्यांना जितकी तेजस्वी दिसते तितकीच दुर्बिणीला ती निराशाजनक ठरते. ह्या ग्रहाभोवती ढगांचे अखंड आवरण असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागाविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रत्यक्ष माहिती जवळजवळ नव्हती, आणि जेथे माहिती नसते तेथे कल्पनेला वाव मिळतो. १९१८ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस ह्याने शुक्रावर दमट, दलदलीचे अरण्य असावे असे वर्णन केले. १९३२ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत अॅडम्स व डनहॅम ह्यांना शुक्राच्या वर्णपटात कार्बन डायऑक्साइडच्या रेषा आढळल्या. तरीही १९५५ मध्ये मेंझेल व व्हिपल ह्यांनी संपूर्ण ग्रह महासागराने वेढलेला असावा असे प्रतिपादन केले. ही मते आज विचित्र वाटली तरी त्या काळी ती खोडून काढण्याजोगा पुरावा कोणापाशीही नव्हता.

असा पुरावा प्रथम मिळाला तो प्रकाशातून नव्हे, रेडिओ-तरंगांतून. १९५६ साली वॉशिंग्टन येथील नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत मायर, मॅकलॉ व स्लोनेकर ह्यांनी ५० फूट व्यासाच्या रेडिओ-दुर्बिणीने शुक्राकडून येणारे सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचे तरंग मोजले. ज्या वस्तूकडून इतके तीव्र तरंग येतात तिचे उष्णतामान निरपेक्ष मापनाने सुमारे ६०० अंश, म्हणजे ३२५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असले पाहिजे, असा हिशेब निघाला. ढगांच्या माथ्याचे उष्णतामान मात्र शून्याच्याही खाली असल्याचे पूर्वीच ठाऊक होते.

मापन खरे होते. प्रश्न होता तो हा आकडा शुक्राच्या कोणत्या भागाचा, हा. पुढील पंधरा वर्षांचा सारा वाद ह्या एका प्रश्नाभोवती फिरला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९६० साली कार्ल सेगनने आपल्या प्रबंधात हे उष्णतामान पृष्ठभागाचेच आहे आणि दाट वातावरण आत आलेली उष्णता कोंडून धरीत असल्यामुळे ते निर्माण होते, अशी उपपत्ती मांडली. उलटपक्षी, डग्लस जोन्स प्रभृतींनी असे सुचविले की हे तरंग वातावरणाच्या अगदी वरच्या विद्युत्भारित थरातून, म्हणजे आयनांबरातून, येत असतील. तसे असल्यास खालची भूमी शीतल आणि कदाचित जीवसृष्टीस अनुकूलही असू शकेल. पृथ्वीवरून पाहता शुक्राचे बिंब इतके लहान दिसते की तत्कालीन रेडिओ-दुर्बिणींना त्याचा मध्य व कडा वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. निवाडा करावयाचा तर उपकरणच शुक्राजवळ नेणे आवश्यक होते.

ते कार्य मॅरिनर-२ ने केले. २७ ऑगस्ट १९६२ रोजी सुटलेले हे अमेरिकन यान १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्रापासून सुमारे ३४,८०० किलोमीटर अंतरावरून गेले. त्यावरील सूक्ष्मतरंग-मापकाने १३.५ व १९ मिलिमीटर ह्या दोन तरंगलांबींवर बिंबावरून तीन वेळा दृष्टी फिरविली. ह्या प्रयोगामागील तर्क साधा असला तरी मार्मिक होता. उष्ण थर वर आणि थंड भूमी खाली असेल, तर कडेकडे पाहताना दृष्टिरेषा त्या थरातून तिरकी, म्हणून अधिक अंतर जाते; अर्थात कडा मध्यापेक्षा तेजस्वी दिसली पाहिजे. उलट, भूमी उष्ण आणि वरची हवा थंड असेल, तर कडेकडे तीच थंड हवा अधिक आड येऊन कडा मंद दिसली पाहिजे. मॅरिनरला कडा मंद दिसली. आयनांबराची उपपत्ती येथे मागे पडली. विशेष असे की ती मांडणारे जोन्स स्वतः ह्या मापकाच्या गटात होते. आपल्या मताची परीक्षा आपणच बांधलेल्या उपकरणाने व्हावी हा योग विरळाच.

भूमी उष्ण आहे हे ठरले. पण किती उष्ण, आणि तिच्यावर हवेचा दाब किती? ह्यासाठी वातावरणात उतरणेच भाग होते. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-४ १८ ऑक्टोबर १९६७ रोजी शुक्राच्या रात्रीच्या बाजूवर वातावरणात शिरले, आणि दुसऱ्या ग्रहाच्या वातावरणात प्रत्यक्ष मोजलेले आकडे इतिहासात प्रथमच पृथ्वीवर आले. हे यान बांधणाऱ्यांनी सागराची शक्यता अद्याप सोडली नव्हती. कुपी पाण्यात पडल्यास विरघळून सुटेल अशी साखरेची खिट्टी तिच्यात बसविलेली होती. हवाई छत्रीला लटकलेल्या त्या कुपीने ९३ मिनिटे संदेश पाठविले. उष्णतामान आरंभी ३३ अंश होते. ते चढत चढत २६० अंशांच्या पुढे गेले. वायूंच्या पृथक्करणात कार्बन डायऑक्साइड सुमारे ९० टक्के वा त्याहून अधिक निघाला. नत्र प्रमुख असेल ही तोवरची समजूत एका दिवसात संपुष्टात आली. त्यानंतर संदेश थांबले.

यान भूमीवर पोहोचल्यामुळे ते थांबले, असे मॉस्कोहून जाहीर झाले. पृष्ठावरील दाब पृथ्वीच्या सुमारे २० पट, हा आकडा त्यावरूनच निघाला. त्या निष्कर्षाला आधार अगदीच नव्हता असे नव्हे. रेडिओ-उंचीमापकाने अवतरणाच्या आरंभी सुमारे २६ किलोमीटर उंची दाखविली होती, आणि कुपी नंतर जवळजवळ तेवढीच खाली उतरली होती. दोन हिशेब जुळले की मन सहसा तिसऱ्याकडे वळत नाही.

तिसरा हिशेब मात्र दुसऱ्याच दिवशी उपलब्ध झाला. १९ ऑक्टोबर रोजी मॅरिनर-५ शुक्रापासून सुमारे ४,००० किलोमीटरवरून जात ग्रहामागे लपले. लपताना व पुन्हा प्रकट होताना त्याचे रेडिओ-संदेश शुक्राच्या वातावरणातून वाकून आले, आणि त्या वाकण्यावरून ग्रहाच्या केंद्रापासून कोणत्या अंतरावर हवा किती दाट आहे हे काढता आले. येथे दोन यानांच्या मापनांतील भेद महत्त्वाचा ठरतो. व्हेनेराचे आकडे मानलेल्या भूमीपासूनच्या उंचीशी बांधलेले होते, तर मॅरिनरचे केंद्रापासूनच्या अंतराशी. समान दाबाच्या पातळ्या एकमेकींवर ठेवल्या असता व्हेनेराची ‘भूमी’ केंद्रापासून सुमारे ६,०८० किलोमीटरवर येई. पृथ्वीवरून पाठविलेल्या रडारच्या प्रतिध्वनींवरून मात्र शुक्राची त्रिज्या सुमारे ६,०५० किलोमीटर ठरत होती. जवळजवळ तीस किलोमीटरची ही तफावत चुकभूल म्हणून सोडून देण्याजोगी नव्हती. एश्लमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये त्याचा सरळ अर्थ लावला : व्हेनेरा-४ भूमीला पोहोचलेच नाही, आणि खालचे वातावरण अद्याप कोणी मोजलेलेच नाही. उंचीमापकाचे वाचन संदिग्ध होते. २६ किलोमीटर म्हणून घेतलेली उंची वस्तुतः सुमारे दुप्पट होती. उरलेल्या अंतरात दर किलोमीटरला आठ-दहा अंश या प्रमाणात उष्णता वाढवीत गेल्यास भूमीचे उष्णतामान साडेचारशे अंशांच्या वर जाई, आणि दाब वीस पटींऐवजी शंभराच्या जवळपास.

मे १९६९ मध्ये व्हेनेरा-५ व व्हेनेरा-६ अधिक मजबूत बांधणीनिशी उतरली, पण भूमीच्या बरेच वर निकामी झाली. तेव्हा पुढील यानाची कुपी टायटॅनियमची, १८० वातावरणांचा दाब सोसेल अशी करण्यात आली. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा-७ ची हवाई छत्री अवतरणात बिघडली, कुपी वेगाने खाली आली, आणि संदेश एकाएकी बंद पडल्यासारखे वाटले. काही आठवड्यांनी ध्वनिमुद्रणाच्या फिती पुन्हा तपासताना, गोंगाटात बुडालेला, मूळच्या सुमारे एक शतांश शक्तीचा २३ मिनिटांचा संदेश सापडला. यंत्रातील बिघाडामुळे उष्णतामानाखेरीज दुसरे काहीच कळविले जात नव्हते : ४७५ अंश, आणि त्यात बदल नाही. तथापि संदेशाच्या कंपनसंख्येवरून वेगही कळत होता, आणि तो वेग एका क्षणी शून्य होऊन शून्यच राहिला होता. हा आकडा कोठला, ह्याविषयी ह्या वेळी शंकेला जागा राहिली नाही. त्याच वेग-नोंदीवरून उंची उलट मोजून दाब सुमारे ९० वातावरणे ठरविण्यात आला. २२ जुलै १९७२ रोजी दिवसाच्या बाजूवर उतरलेल्या व्हेनेरा-८ ने प्रत्यक्ष मापनाने तो कायम केला.

वाद येथे मिटला असला तरी मापन पुरे झाले होते असे नाही. ९ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेच्या पायोनियर-व्हीनस मोहिमेतील चार कुप्या वातावरणात शिरल्या. भूमीपासून सुमारे १२ किलोमीटर उंचीवर चारही कुप्यांचे बाहेरचे उष्णतामापक निकामी झाले. त्याखालील थराचे भूमीपर्यंतचे सूक्ष्म व अखंड मापन १५ जून १९८५ रोजी उतरलेल्या व्हेगा-२ ने दिले. त्यात शेवटच्या सात किलोमीटरांत उष्णतामान अपेक्षेहून जलद वाढताना दिसते. एकजिनसी हवा अशा स्थितीत स्थिर राहू शकत नाही. २०१७ मध्ये लेबोन्वा व शूबर्ट ह्यांनी असे सुचविले की तेथे नत्राचे प्रमाण खाली येताना घटत जात असावे. व्हेगा-२ नंतर त्या थरातून कोणतेही यान उतरलेले नाही.