पेट्रोलची टांकी आणि वैमानिकाचा हात

विमानाचा इतिहास सांगतांना पंखांची व इंजिनाची कथा सर्वजण सांगतात. पेट्रोलच्या टांकीची क्वचितच कोणी सांगतो. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान उडालें, तेव्हां त्याची लहानशी टांकी इंजिनाहून उंच, एका खांबाला बांधलेली होती. पेट्रोल स्वतःच्या भारानेंच खालीं उतरे. पंपाची यातायात नव्हती.

पुढें उड्डाणें लांबलीं, टांक्या मोठ्या झाल्या, आणि त्या ठेवाव्या कोठें हा प्रश्न उभा राहिला. १९२७ सालीं अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्ग ह्यांनीं मुख्य टांकी स्वतःच्या पुढें बसविली. अपघात झाल्यास टांकी व इंजिन ह्यांमध्यें आपण चिरडले जाऊं नये, हा त्यांचा हिशेब. त्यासाठीं समोरचें दिसणेंहि त्यांनीं सोडलें.

घरीं बांधलेल्या विमानांत हा निवाडा बांधणाऱ्याच्या हातीं असतो. बर्ट रुटान ह्या अमेरिकन संकल्पकाच्या ‘लाँग-ईझी’ विमानास दोन बाजूंना दोन टांक्या असतात. कोणत्या टांकींतून पेट्रोल घ्यावयाचें, हें ठरविणारी कळ आराखड्यांत वैमानिकाच्या पायांमध्यें होती. एका बांधणाऱ्यानें मात्र, बैठकीच्या जागेंत पेट्रोल नको, ह्या सद्हेतूनें ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें नेली. तेंच विमान पुढें गायक जॉन डेन्व्हर ह्यांनीं विकत घेतलें. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथून, टांकी भरून न घेतां, ते निघाले. चौकशी-मंडळाचा निष्कर्ष असा कीं, ती कळ फिरविण्याच्या खटपटींत त्यांचें लक्ष ढळलें, नकळत सुकाणूचें उजवें पायटें दाबलें गेलें, आणि ताबा सुटून विमान समुद्रांत कोसळलें. डेन्व्हर त्यांत मृत्यु पावले. कळीवर खुणा नव्हत्या, पेट्रोलमापकावरहि नव्हत्या.

खुणा करणें हें जसें बांधणाऱ्याचें काम, तशी निगा राखणें हें मालकाचें. हवेंतील बाष्पाचें टांकींत पाणी होतें. तें पेट्रोलहून जड म्हणून तळाशीं बसतें. उड्डाणापूर्वीं तळाच्या तोटींतून थोडें पेट्रोल कांचेच्या भांड्यांत काढून पाहिलें कीं तें ओळखूं येतें. हवा आंत घेणारें छिद्र बुजलें, तर भरल्या टांकीवरहि इंजिन उपाशी राहतें.

विमान बांधणारा आणि तें चालविणारा नेहमीं एकच नसतो. पहिल्यास जें पाठ असतें, तें दुसऱ्यासाठीं कळीवर लिहून ठेवावें लागतें, आणि ती कळ त्याच्या हाताला पोंचेल अशीच असावी लागते.