बंद वाट आणि भुयार

आपल्या चांदूरच्या नावातच रेल्वे आहे. जगाची खबर येथे रुळांवरून आणि तारेवरून येत असे. परंतु रूळ व तार ही दोन्ही सरकारच्या हाती होती. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा नदीपलीकडे आष्टीस, आणि तिकडे चिमुरास, जे घडले ते वृत्तपत्रांना मोकळेपणी छापता येईना.

मग बातमी गेली कशी? २७ ऑगस्टला मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहर ४२.३४ मीटर, ठिकाण मात्र 'हिंदुस्थानात कोठेतरी'. माग लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवीत. आष्टी-चिमुरचे अत्याचार याच रेडिओने देशाला ऐकविले.

आज हीच झुंज संगणकांच्या जाळ्यात चालते. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा १९९५ साली तातू युलोनेन यांनी 'सिक्युअर शेल' रचले. हेतू, दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे बोलता यावे हा. पण त्याच्या पोटातून दुसरीही वाहतूक नेता येते, तेच भुयार. लखोट्यात लखोटा घालावा तसे हे आहे. नाक्यावरचा पहारेकरी वरचा पत्ता वाचतो, आतला मजकूर त्यास दिसत नाही. दूरचा संगणक लखोटा फोडून आतले पत्र पुढे धाडतो.

तथापि भुयार मजकूर झाकते, स्वतःला झाकीत नाही. लखोट्यांची ये-जा पहारेकऱ्यास दिसतेच. तो २२ क्रमांकाचे नेहमीचे दार बंदही करू शकतो. शिवाय पलीकडच्या तोंडाशी फितुरी झाली, तर सारेच फुकट. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी रेडिओ पकडला गेला, तोही आपल्याच तंत्रज्ञाच्या दग्याने, असे उषाताई सांगत.

मग बंदी चुकविणे योग्य की अयोग्य? कचेरीने आपले दप्तर राखण्यासाठी घातलेले कुंपण कोणी सोयीखातर पोखरले, तर चोरालाही वाट होते. लोकांच्या रक्ताची बातमी दडपणारी भिंत निराळी. ती ओलांडल्याबद्दल उषाताईंनी चार वर्षांची सजा पत्करली. आम्हांस कसोटी एवढीच दिसते: पकडले गेलो, तर आपण काय नेत होतो, हे भर बाजारात सांगता येईल काय?