चार रात्रींचं घर: बार्सेलोनेताची गोष्ट

आजचा भाग एका जिन्यावरून सुरू होतो. रात्रीचा एक वाजलाय, लिफ्ट नाही, आणि आम्ही चार मित्र चाकांच्या बॅगा पायरीपायरीवर खडखड आपटत तिसऱ्या मजल्यावर चढतोय. शहर बार्सेलोना. वस्तीचं नाव बार्सेलोनेता, अगदी समुद्राला लागून. चार रात्रींसाठी फ्लॅट घेतला होता. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वस्त, शिवाय किचन, म्हणजे रात्री खिचडी टाकता येणार. किल्ली खाली नंबरच्या कुलुपाच्या डबीत. मालकाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. गाऊनमधल्या एक आजी. बोलल्या काही नाहीत. ओठांवर बोट ठेवलं आणि दार लावून घेतलं. सकाळी दिसलं, त्यांच्या बाल्कनीत एक फलक लटकतोय: 'काप पीस तुरीस्तिक'. भाषा कॅटलान. अर्थ, पर्यटकांचा एकही फ्लॅट नको.

खरं सांगू? मला राग आला. फुकट आलोय का आम्ही? मग उरलेल्या रात्री मोबाइलवर या वस्तीचा इतिहास वाचत बसलो.

तर मंडळी, जाऊया १७१४ मध्ये. वारसायुद्धात बार्सेलोना हरलं. जिंकलेल्या राजाने, म्हणजे पाचव्या फिलिपने, शहरावर वचक ठेवायला किल्ला बांधायचं ठरवलं. त्यासाठी 'ला रिबेरा' या भागातली हजारभर घरं पाडली. म्हणजे बघा, या गोष्टीची सुरुवातच घरं जाण्यापासून आहे. नवी वस्ती उभी राहायला सुरुवात झाली ती थेट १७५३ मध्ये. हुआन मार्टिन सेर्मेन्यो या लष्करी इंजिनिअरने समुद्राकाठच्या वाळूवर सरळ गल्ल्या आखल्या. घरं सगळी सारखी, तळमजला आणि वर एकच मजला, कारण किल्ल्यावरच्या तोफांना समोर अडथळा नको होता. एक घर, एक कुटुंब. राहणारे कोण? कोळी, खलाशी, गोदीतले कामगार.

पुढे १९ व्या शतकात कारखाने आले, माणसं वाढली. घरांवर मजले चढले आणि आत भिंती. एका घराचे आधी दोन भाग, मग चार. यांना तिथे 'पाव घर' म्हणतात. ३० ते ३५ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेतीनशे चौरस फूट. आपल्या चाळीतली डबल रूम आठवा. आमचा फ्लॅट त्यातलाच एक होता. मला तो 'क्यूट' वाटला होता. तिथे एकेकाळी सहा-सात माणसांचा संसार होत असणार.

आता मोठी उडी मारू. १९९२ चं ऑलिम्पिक. शहराने किनाऱ्यावरचे कारखाने हटवले, बीच तयार केला. १९९० मध्ये हॉटेलांत उतरणारे पाहुणे वर्षाला १७ लाखांच्या आसपास होते, २०१२ मध्ये ते ७० लाखांच्या पुढे गेले. शहराची वस्ती जेमतेम १६ लाख!

त्याच काळात तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत, ऑक्टोबर २००७ मध्ये, ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोघांना घरभाडं भरता येईना. शहरात डिझाइनची परिषद होती, हॉटेलं फुल्ल. यांनी हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकल्या, रात्रीचे ८० डॉलर लावले. तीन पाहुणे आले, त्यातला एक भारतीय विद्यार्थी. तीच एअरबीएनबीची सुरुवात. स्पेनमध्येही २००८ च्या मंदीनंतर बेकारी वाढत वाढत २०१३ मध्ये २६ टक्क्यांवर गेली होती. एखादी खोली पाहुण्याला देऊन घर चालवणं, यात वाईट काय होतं? काहीच नाही.

पण खोली देणं आणि अख्खा फ्लॅट देणं यात फरक आहे. खोली दिली तर मालक तिथेच राहतो. फ्लॅट दिला की एक शेजारी कमी होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये तीन पर्यटक भर दिवसा बार्सेलोनेतात नागडे हिंडले, त्यांचे फोटो पसरले आणि लोक रस्त्यावर उतरले. तोवर परवान्याचे फ्लॅट तिथे मूठभरच होते, बिनपरवान्याचे कितीतरी जास्त. २०१५ मध्ये आदा कोलाऊ महापौर झाल्या. घरातून बाहेर काढल्या जाणाऱ्या कर्जदारांसाठी लढलेली ही बाई. त्यांनी नव्या हॉटेल परवान्यांना आधी स्थगिती दिली, मग २०१७ मध्ये कायमची नियमावली आणली. जून २०२४ मध्ये त्यांच्यानंतरचे महापौर जाउमे कोलबोनी यांनी थेट जाहीर केलं: नोव्हेंबर २०२८ पर्यंत शहरातले सगळे १०,१०१ पर्यटक-फ्लॅट बंद. कारण त्यांनी दिलं ते असं, दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली.

आता दुसरी बाजू. शहरात घरं आठ लाखांच्या आसपास. त्यातले दहा हजार म्हणजे सव्वा टक्का. तेवढ्याने भाडी उतरतील? फ्लॅटमालक हाच प्रश्न विचारतात, आणि तो चुकीचा नाही. नवी घरं बांधली नाहीत तर नुसत्या बंदीने फार काही होणार नाही, असं मलाही वाटतं. पण आजींच्या जिन्यावर टक्केवारी चालत नाही. तिथे चार दारांपैकी दोन दारांमागे दर चार दिवसांनी नवी माणसं. कुणाला हाक मारायची?

गंमत बघा. भाडं भरता येत नाही म्हणून दोन पोरांनी जे सुरू केलं, ते भाडं परवडत नाही म्हणून बंद करायची वेळ एका शहरावर आली.

मग असे फ्लॅट घेऊच नयेत का? मी तसं म्हणणार नाही, मी स्वतः राहिलोय. पण बार्सेलोनात घेणार असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक बघा. तो 'एचयूटीबी' या अक्षरांनी सुरू होतो. तो नसेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

शेवटच्या दिवशी आमची पहाटेची फ्लाइट होती. बॅगा हातात उचलून, एकेक पायरी बघत, आवाज न करता उतरलो. दुसऱ्या मजल्यावरचं दार बंदच होतं.

भेटूया पुढच्या भागात. तुम्हाला असा एखादा जिना आठवत असेल तर मला नक्की कळवा. नमस्कार!