संख्यांचे अक्षरी लेखन (संगणकीय)
अंकांत दिलेली संख्या त्या त्या भाषेच्या रीतीने शब्दांत मांडण्याची पद्धत. धनादेश व पावत्यांसाठी ती विशेष लागते. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसंचात त्याचे नियम असतात. आयसीयू ही प्रणाली ते वापरते. इंग्रजीत विसापुढे दशकाच्या शब्दाला एककाचा शब्द जोडला की भागते. फ्रान्समधील फ्रेंचमध्ये ८० म्हणजे ‘चार विसा’. मराठीची खरी अडचण शंभराच्या आतच आहे: एकोणपन्नास, त्रेपन्न, पंचाहत्तर असे ९९पर्यंतचे शब्द जवळजवळ सुटेच नोंदवावे लागतात. पुढे सोपे, १,२३,४५६ म्हणजे एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न. स्वल्पविराम हजारानंतर दर दोन अंकांनी, हे मात्र वेगळे सांगावे लागते. दीडशे, अडीच हजार ही बोलण्यातली सोय या नियमांत सहसा नसते. धनादेशावर ती नसलेलीच बरी.