चित्रकार्डावर कोण दिसतं, कोण दिसत नाही

आपल्या घरातल्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नपत्रिका आणि पावत्यांच्या गठ्ठ्यात एखादं तरी पिवळं पडलेलं पोस्टकार्ड निघतंच. साधं कार्ड आपल्या देशात १८७९ साली आलं, किंमत पाव आणा. पण चित्राचं कार्ड जगभर पसरलं ते मोठमोठ्या प्रदर्शनांमुळे. त्याचीच ही हकीकत.

१८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल टॉवर उभा राहिला. टॉवरचं चित्र छापलेली कार्डं तिथेच विकायला ठेवली होती. वर चढलेला माणूस तिथूनच घरी खुशाली कळवू लागला.

मग १८९३ साली अमेरिकेत शिकागोला प्रदर्शन भरलं. कोलंबसाला ४०० वर्षे झाल्याचं निमित्त होतं. याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्म परिषदेत अनागारिक धर्मपाल यांनी बुद्धाचा धम्म सांगितला, हे आपल्याला ठाऊक आहे. गोल्डस्मिथ नावाच्या प्रकाशकाने सरकारी एक सेंटच्या कार्डांवर प्रदर्शनातल्या इमारतींची रंगीत चित्रं छापली. त्या काळी कार्डाच्या एका बाजूला फक्त पत्ता लिहायचा नियम होता. त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला कसाबसा कोंबावा लागे. मागची बाजू मधोमध विभागून पत्ता आणि मजकूर शेजारी लिहायची सोय इंग्लंडात १९०२ मध्ये आणि अमेरिकेत १९०७ मध्ये झाली. जुनं कार्ड कोणत्या काळचं, हे ओळखायची ही सोपी खूण.

कार्डांवरचे ते पांढरेशुभ्र महाल पाहून डोळे दिपतात. लोक त्या जागेला ‘पांढरं शहर’च म्हणत. पण बहुतेक महाल सांगाड्यावर प्लॅस्टर थापून केलेले, तात्पुरते! प्रदर्शन संपलं, काही पाडले, काही १८९४ च्या आगीत जळाले. इमारती गेल्या, कार्डं राहिली.

पण बंधु-भगिनींनो, कार्ड सगळंच सांगत नाही. गुलामगिरी १८६५ साली संपली होती, तरी या प्रदर्शनाच्या कारभारात काळ्या लोकांना मानाची जागा मिळाली नाही. गुलामीत जन्मलेले फ्रेडरिक डग्लस आणि तरुण पत्रकार आयडा वेल्स यांनी सहकाऱ्यांसह पुस्तिका काढली आणि विचारलं, आमची माणसं या प्रदर्शनात का नाहीत? हैती या काळ्या लोकांच्या देशाच्या दालनातून ती वाटली गेली. सुंदर कार्डांवर इमारती आल्या, हा सवाल आला नाही.

पुढे १९०० साली पॅरिसच्याच प्रदर्शनात डू बॉईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या समाजाचे शेकडो फोटो मांडले. त्यात घरं होती, दुकानं होती, शाळा होत्या, ताठ मानेने बसलेले स्त्री-पुरुष होते. दुसरा आपलं चित्र काढील म्हणून ते वाट बघत बसले नाहीत. याच डू बॉईसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं.

यातून आपण काय घ्यायचं? घरातले जुने फोटो, कार्डं, पत्रं रद्दीत घालू नका. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी मुका होतो. आपली माणसं चित्रात आहेत, हे उद्या आपल्या पोरांनाच सांगावं लागणार आहे.